चौथ्या धवल्यातला राक्षस

माझ्या माहेरच्या देवांना लग्नाचं आवताण देण्याची जबाबदारी घराण्याने माझ्यावर सोपवली, आणि मी राक्षस मारत बसले.

आधी देवांचं सांगते. माझं माहेर पनवेलजवळ, पळस्प्याच्या पुढे, गोवा रोडला लागून. आम्ही आगरी. आमच्याकडे लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, पण धवलारीण वेळेवर लागते. धवला म्हणजे आमची लग्नाची गाणी. मांडव घालायचा तर धवला, देवांना बोलवायचं तर धवला, हळद दळायची तर धवला. धवलारीण एक ओळ म्हणते, बाकीच्या बायका ती उचलतात, आणि त्याशिवाय मांडवातलं पान हलत नाही. चार गावांत हे काम माझी पार्वतीकाकी करायची. वय शहात्तर, अंगकाठी शेवग्याची शेंग आणि आवाज असा की लाउडस्पीकरवाला आपला माइक गुपचूप बंद करायचा.

पण गेल्या वर्षी काकीचा श्वास पुरेना. चार ओळी म्हटल्या की धाप लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, गाणं बंद. नेमकं त्याच वर्षी माझ्या भावाच्या मुलाचं, नितेशचं, लग्न ठरलं. घरात बैठक बसली. दादा म्हणाला, "काकीला त्रास नको. डीजेवाल्याला सांगतो, तो धवला डाउनलोड करून लावील."

काकी कोपऱ्यात बसली होती. ती हळूच म्हणाली, "मशीन बोलावील आन देव येतील? माजे नातवाचे लग्नाला?" आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

काकीला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "काकी, मी शिकते!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. (मी शाळेत प्रार्थना म्हणायचे. सहावीपर्यंत. सातवीत बाईंनी दुसरी मुलगी बघितली.) पण काकीचा चेहरा असा उजळला की माघार घ्यायची सोय राहिली नाही. एकच अट तिने घातली, "लिवायचा नाय हां! कागदावरचा धवला देव ऐकत नाय. कानानं शिकायचा."

"रेकॉर्डिंग केलं तर चालेल?"

काकीने विचार केला. "त्यान माजाच आवाज हाय ना? मंग चालंल."

इथून घोटाळ्याला सुरुवात झाली. फोनमध्ये रेकॉर्डिंगचं बटण मला सापडेना, म्हणून मी त्यासाठी अ‍ॅप शोधायला गेले. अ‍ॅप मिळालं. ते उघडलं तर आधी जाहिरात आली. एक तांबडा, चौकोनी, शिंगं असलेला राक्षस माझ्या अंगावर धावून आला! मी घाबरून स्क्रीनवर बोट मारलं, ते नको तिथे लागलं, आणि राक्षस सहकुटुंब माझ्या फोनमध्ये राहायला आला.

गेम जुन्या धाटणीचा होता, म्हणजे मुद्दाम तसा बनवलेला. राक्षस ठोकळ्यांचे, बंदूक ठोकळ्यांची, रक्तसुद्धा ठोकळ्यांचं आणि हिरवं. गोष्ट नाही, बोलणं नाही. एक लांबलचक बोळ, त्यात आपण पळत सुटायचं. डावा अंगठा पळवतो, उजवा गोळ्या झाडतो. दिसेल त्याला उडवायचं. थांबलात की मेलात. मी पहिल्या खेपेला पाच सेकंदांत मेले. हे मला अजिबात आवडलं नाही. पंचवीस वर्षं मी पनवेलमध्ये शिवणक्लास चालवते. 'ताई, गळा जरा मोठा झाला', 'ताई, उद्याच हवाय हो', 'ताई, अस्तर तुमच्याकडचंच लावा', हे सगळं हसतमुखाने ऐकून मी जिवंत आहे, आणि हा ठोकळा मला पाच सेकंदांत मारतो? मी पुन्हा सुरू केलं. नऊ सेकंद. पुन्हा. चौदा.

खरं सांगते, काय मजा यायची! छातीत धडधड, कान गरम, तळहातांना घाम. एक उडवला की डावीकडून दोन, ते उडवले की वरून चार, आणि आपण त्यांच्यामधून सुसाट! त्या बोळात 'भाजी काय करायची' असं कुणी विचारत नव्हतं. कुणाचा ब्लाउज उसवत नव्हता. दाणकन आवाज, राक्षसाच्या चिंधड्या आणि मी पुढे. पन्नाशीला आलेल्या बाईच्या वाटेतून इतक्या लगबगीने कोण बाजूला होतं हो? मी तर त्यांना नावंही ठेवली होती. सुळेवाला लठ्ठ म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. लाल डोळ्यांची उडती बया म्हणजे आमच्या यांची आत्येबहीण. (तिला मी जास्तीच्या दोन गोळ्या घालायचे.)

धवल्याचं शिकणंही चालू होतं, नाही असं नाही. आठवड्यातून तीनदा दुपारी मी गावी जायचे. काकी पडवीत उभी राहून हळू आवाजात म्हणायची आणि मी रेकॉर्ड करायचे. चार ओळी, पाणी, पुन्हा चार ओळी. प्रत्येक ओळ संपली की काकी एक पाऊल मागे सरकायची. असं करत करत ती भिंतीला टेकली की पुन्हा पुढे येऊन उभी राहायची. ती देवाची अदब असणार, हे मला लहानपणापासून माहीत होतं. चारी गावांतल्या बायका धवल्याच्या वेळी तशाच मागे सरकतात. मीही सरकायचे.

दीड महिन्यात एकतीस धवले रेकॉर्ड झाले. घरी आले की मी कानात इयरफोन घालायचे, काकीचा धवला सुरू करायचे, आणि... गेमही सुरू करायचे! गेमचा आवाज बंद. नाहीतर बंदुकीचे बार ऐकून आमचे हे धावत आले असते. कानात काकी, हातात राक्षस. एक धवला, एक लेव्हल. मेले की गेम पहिल्यापासून, आणि धवलाही पहिल्यापासून. का, विचारू नका. तसं केल्याने यश येतं अशी माझी समजूत झाली होती.

आमचे हे भारावून गेले होते. "काय हा अभ्यास!" म्हणत स्वतः चहा करून आणायचे. मी कपाळाला आठ्या घालून फोनवर वाकलेली, कानातून धवला ऐकू येतोय, ओठ चाललेत. (ओठ शिव्या देत होते.) त्यांनी गावी फोन करून काकीला सांगितलं, "अहो काकी, हिला जेवणाची शुद्ध नसते. दिवसभर तुमचा धवला!" काकी फोनवरच हुंदका देऊन म्हणाली, "माजी लेक हाय ती." मी ते ऐकलं. मला लाज वाटली. इतकी लाज वाटली की मन ताळ्यावर आणण्यासाठी मी लगेच एक लेव्हल खेळले.

पण चौथी लेव्हल काही केल्या पार होईना! तिथे एका वळणावर उजवीकडून एक प्रचंड राक्षस आगीचा गोळा फेकायचा. डावीकडे वाकायचं असतं, हे मला कळत होतं. पण वाकेपर्यंत मी मेलेली असायचे. दर वेळी, त्याच ठिकाणी. एकदा तर मी स्वतःच डावीकडे इतकी वाकले की सोफ्यावरून खाली पडले.

"काय झालं?" आमचे हे स्वयंपाकघरातून.

"काही नाही! कठीण जागा आहे धवल्यात!"

लग्नाला चार दिवस राहिले असताना गेमने जाहीर केलं की नव्या आवृत्तीत दुनळी बंदूक मिळणार. दुनळी! म्हणजे चौथ्या लेव्हलचा राक्षस गेलाच! मी बटण दाबलं, तर फोन म्हणाला, जागा नाही. काहीतरी काढा. मी काय काढता येईल ते बघायला लागले. सगळ्यात जास्त जागा कुणी खाल्ली होती? एकतीस रेकॉर्डिंगनी.

आता इथे वाचकांनी माझ्याविषयी वाईट मत करून घेण्याआधी ऐका. आमची मुलगी ऋतुजा बंगळूरला असते. दिवाळीत आली तेव्हा माझ्या फोनमध्ये काहीतरी करून ती म्हणाली होती, "आई, आता तुझं सगळं वर सेव्ह होतं. फोन हरवला तरी काळजी नाही." वर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. वर आहे ना, मग झालं! मी एकतीसच्या एकतीस रेकॉर्डिंग पुसली आणि दुनळी घेतली.

(दुनळीनेसुद्धा तो राक्षस मेला नाही. हे फक्त माहितीसाठी.)

हळदीचा दिवस उजाडला. मांडवात सकाळी दहाला जातं मांडलेलं, पाच सवाशिणी नटून बसलेल्या, दारात भला मोठा डीजे उभा. काकी खुर्चीत. तिला सर्दी झाली होती आणि उरलासुरला आवाजही बसला होता. नुसती कुजबुज. तिने माझा हात धरला. "आज तुजे हाती हाय गो सगला. मी नुसती ऐकतंय."

माझी योजना पक्की होती. एका कानात बारीक इयरफोन, त्यावर अंबाडा आणि गजरा, फोन कमरेला. काकीचं रेकॉर्डिंग कानात वाजणार आणि मी ते मागोमाग म्हणणार. परीक्षेत मी एवढ्या नेटाने कॉपी केली असती तर डॉक्टर झाले असते. आता ते 'वर'चं खाली आणायचं, एवढंच बाकी होतं. मी मागच्या पडवीत जाऊन ऋतुजाला फोन लावला. ती त्याच दुपारी विमानाने येणार होती.

"अगं, ती वर गेलेली रेकॉर्डिंग खाली कशी आणायची?"

"कुठली रेकॉर्डिंग?"

"धवल्याची! तू म्हणालीस ना, सगळं वर जातं?"

"आई, फोटो जातात वर. रेकॉर्डिंग नाही जात." मग जरा थांबून, "आई, तू ती पुसलीस?"

"पुसली."

"का पुसलीस?"

पाच सवाशिणी वाट बघत असताना 'दुनळी बंदुकीसाठी' हे उत्तर आईच्या तोंडी शोभत नाही. मी फोन ठेवला. शहात्तर वर्षांच्या बाईने धाप लागत, पाणी पीत, चार-चार ओळी करून मला सगळं आयुष्य ओतून दिलं होतं, आणि मी ते पुसून टाकलं होतं. हसू नका, मला खरंच रडू आलं.

"अगं, चल ना!" दादा आला. माझं तोंड बघून म्हणाला, "जमत नसेल तर सांग. डीजेवाल्याने सगळं तयार ठेवलंय."

मी मांडवात पाहिलं. काकी खुर्चीत ताठ बसून माझ्याकडेच बघत होती. मी दादाला म्हटलं, "त्याला सांग, वायर काढून ठेव."

मी उभी राहिले. पहिला धवला, देवांना आवताण. पहिली ओळ आठवली:

"पयला नारल दिला गो वेशीच्या देवाला..."

बायकांनी ओळ उचलली. आता पुढची. पुढची काय? डोकं कोरं! भीतीने दोन्ही अंगठे आपोआप हलले. डावा पळाला, उजव्याने गोळी झाडली. आणि काय सांगू, डोळ्यांसमोर तो बोळ उभा राहिला! पहिली लेव्हल, हिरवा दरवाजा. तो उघडताना कानात काय वाजायचं?

"देव म्हनं येतू मी हलद लावाला!"

आली की! मग मी पळतच सुटले. दोन बुटके राक्षस, की गावदेवीची ओळ. जिना, की खंडोबाची. लाल डोळ्यांची बया उडत आली, की कुळाचा देव. (तिला इथेही दोन गोळ्या घातल्या.) दीड महिना काकी कानात होती, ती कुठे गेलीच नव्हती! प्रत्येक राक्षसाच्या पोटात एकेक ओळ लपलेली होती. मी अंगठे चालवत, ओळ संपली की एक पाऊल मागे सरकत, देवांना बोलावत सुटले. पहिला धवला झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. बायका रंगात आल्या. समोरून मला बघून पाचही सवाशिणींचे अंगठे हलायला लागले होते, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

मग जातं फिरायला लागलं आणि हळद दळायचा चौथा धवला आला.

"जात्याला ठोकला गो सागाचा खुटा, हलद दलाला गो पाच जनी जुटा..."

तीन कडवी झकास झाली, आणि ते वळण आलं. त्या वळणापुढे मी कधी गेलेच नव्हते, म्हणजे त्यापुढचा धवलाही कधी ऐकलाच नव्हता! रेकॉर्ड करतानाही माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे असायचं. मी तिसरं कडवं पुन्हा म्हटलं. बायकांनी उचललं. पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा उचललं. जात्यावरची एक म्हणाली, "हलदीचा पीठ झायला गो ताय, पुढं चल!" मी पुढे गेले. डोळ्यांसमोर राक्षस आला, त्याने आगीचा गोळा फेकला, आणि मी सगळा जीव एकवटून डावीकडे वाकले!

डावीकडे दळलेल्या हळदीची परात होती.

मी परातीसकट आडवी झाले. हळद उडाली ती मांडवाच्या छतापर्यंत. तोंड, अंबाडा, गजरा, नवी पैठणी, सगळं पिवळं! मांडवात एवढी शांतता पसरली की कानातला इयरफोन खाली पडल्याचा आवाज मला ऐकू आला. आमचे हे कपाळाला हात लावून बसले. दादा डीजेकडे निघाला.

तेवढ्यात माझ्या कानाशी कुजबुज आली. काकी खुर्चीतून उठून माझ्याजवळ येऊन बसली होती.

"म्हन," ती म्हणाली, "म्हन माज्या मागं. 'हलद उडाली गो मांडवाचे दारी...'"

मी तोंडावरची हळद पुसली.

"'...नवऱ्याची आत्या गो पिवली झाली सारी.'"

नवऱ्याची आत्या मीच! मी जमिनीवर बसल्या बसल्या ती ओळ म्हटली, आणि मांडव जो फुटला! बायका टाळ्या पिटत, डोळे पुसत ती ओळ दहा वेळा म्हणाल्या. सगळ्यांना वाटलं, हे आमचं ठरलेलंच होतं. पुढचे धवले काकी कुजबुजत गेली आणि मी मोठ्याने म्हणत गेले. डीजेवाला रात्रीपर्यंत वायर गुंडाळून बसला होता.

दुपारी काकीला मी मागच्या पडवीत नेलं आणि सगळं सांगितलं. गेम, राक्षस, दुनळी, पुसलेली रेकॉर्डिंग. गेम उघडून दाखवलासुद्धा. काकी डोळे बारीक करून बघत होती. मी म्हटलं, "काकी, मार मला."

काकीने फोन बाजूला सारला. मग म्हणाली, "मी म्हनताना मागं कनाला सरतंय, ठाव हाय तुला?"

"देवाची अदब."

"कसली अदब!" काकी हसली. "सासू मना शिकवी ती खाचरान, लावनीचे वक्ताला. चिखलान वाकून, भात लावत मागं सरायचा. एक ओल म्हनायची, एक पाऊल मागं. तवा कुटं तोंडपाठ झायला. आता पाऊल मागं न्हेल्याबिगर मना ओल येतच नाय गो! खाचरं गेली, तेच्यावर बिल्डिंगा आल्या, मी अजून मागंच सरतंय. आन ह्या बाया, माज्या मागं सगल्या सरतान!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता काकीला धाप लागली, मी पाणी दिलं. मग तिने माझे दोन्ही अंगठे हातात घेतले, त्यांची हळद आपल्या पदराने पुसली आणि म्हणाली, "रेकाडिंग गेला तं गेला. तुज्यान हाय ना? बास." इतक्या दिवसांची लाज, भीती, सगळं तिथेच वाहून गेलं. मी शेंबूड ओढत रडले.

काकी आता बरी आहे. आवाज परतला, श्वास नाही. एकतीसच्या एकतीस धवले मी तिच्याकडून पुन्हा घेतले, या खेपेला फोन पनवेलच्या घरी ठेवून. चार गावांची धवलारीण आता मी आहे. माझ्याकडे शिकायला पाच-सहा सुना-लेकी येतात.

गेल्या महिन्यात कॉलेजातली एक मुलगी आमचे धवले टिपून घ्यायला आली होती. तिने सगळ्याजणींना नीट बघितलं आणि वहीत लिहून घेतलं: ओळ संपली की एक पाऊल मागे, म्हणताना दोन्ही अंगठ्यांची विशिष्ट हालचाल, आणि चौथ्या धवल्यात तिसऱ्या कडव्यानंतर सगळ्याजणी एकदम डावीकडे वाकतात. मग तिने मला अगदी आदराने विचारलं, "आत्या, ही वाकण्याची प्रथा कशासाठी आहे?"

मी डोळे मिटून, गंभीर आवाजात सांगितलं, "अरिष्ट चुकवण्यासाठी."

तिने ते खाली रेघ मारून लिहून घेतलं. पोरीला फसवलं असं मला मुळीच वाटत नाही, कारण अरिष्ट अगदी खरं आहे. कालच दुपारी मी त्या वळणावर पुन्हा मेले.